डॅडींनी सांगितलेला सिनेमा

ऑगस्ट आला, इकडे दक्षिण गोलार्धात हिवाळा सरत आला, की आमच्या टार्निट उपनगरात वॅटल, म्हणजे इकडची पिवळी बाभूळ, फुलतं. वसाहतीच्या कडेला, जिथे घरं संपतात आणि दगडाळ माळरान सुरू होतं, तिथे त्याची सात-आठ झाडं आहेत. बाकी सगळं थंडीने करपलेलं असताना तेवढीच हळदीत बुडवून काढल्यासारखी उभी असतात. नवीन राहायला आलेली कुटुंबं त्यांच्यासमोर फोटो काढतात. मी गाडीची काच वर करते. तो गोडसर, पिठूळ वास आत आला की तो हिवाळा परत येतो. ज्या हिवाळ्यात आम्ही सगळे घरात होतो आणि माझा दादा, एली, घरी नव्हता.

त्या हिवाळ्यात साथीमुळे घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. नकाशावर वर्तुळ काढून पाहिलं तर आमच्या वर्तुळात दोन सुपरमार्केट, अर्धवट बांधलेली शे-दीडशे घरं आणि माळरान एवढंच येत होतं. बागेतल्या झोपाळ्यांना टेप गुंडाळली होती. स्टेशनवर ट्रेन वेळेवर यायच्या, दारं उघडायची, कोणी चढायचं नाही, उतरायचं नाही, दारं मिटायची. माझा नवरा वेअरहाऊसला शिफ्टला जायचा, म्हणजे घरातून बाहेर पडणारा तो एकटाच. मुलगा जोएल सातवीत होता. त्याची शाळा त्याच्या खोलीत भरायची आणि माझी नोकरी जेवणाच्या टेबलावर.

मी क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत लायब्ररीचं काम करते. तेव्हा सगळे वर्ग ऑनलाइन गेले होते आणि प्राध्यापक मंडळी जे सिनेमे वर्गात दाखवायची ते आम्हाला विद्यार्थ्यांच्या घरी पोचवावे लागत होते. आधी एकेक सिनेमा पूर्ण पाहायचा, खालच्या सबटायटल्सच्या ओळी बरोबर पडतात का ते तपासायचं, चुका दुरुस्त करायच्या, मग पुढे पाठवायचा. एका सोमवारी यादीत एक नाव आलं आणि माझा हात की-बोर्डवरच राहिला. इंग्लंडमधल्या बोर्डिंग स्कूलमधल्या एका लहान मुलाची गोष्ट. काळा-पांढरा, नावाजलेला, जुना सिनेमा. आमच्या घरात त्याचं नाव इतक्या वेळा घेतलं गेलं होतं की मला तो नातेवाइकासारखा वाटायचा.

डॅडी तरुणपणी फोर्टमधल्या एका जुन्या विलायती कंपनीत कारकून होते. लग्नाआधी त्यांनी तो सिनेमा मुंबईत तीनदा पाहिला होता. वसईला परत येऊन केळीच्या वाडीत पाणी सोडतानासुद्धा त्यांच्या डोळ्यांसमोर ते मोठं मैदान असायचं, पांढऱ्या कपड्यांतली क्रिकेट खेळणारी मुलं, काळे झगे घातलेले मास्तर, चॅपेलमध्ये एका सुरात गाणारी पोरं. 'माझा मुलगा तसा शिकणार,' हे त्यांनी मुलगा जन्मायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

एली नऊ वर्षांचा होता आणि मी सहा, तेव्हा डॅडींनी फादरांच्या मागे लागून त्या सिनेमाची रिळं मागवली. मे महिन्यात, रविवारी संध्याकाळी, चर्चच्या हॉलमध्ये पडदा लावला. सगळं गाव चटयांवर बसलं होतं. सिनेमा इंग्रजीत आणि इंग्रजी कोणाला येत नव्हतं, म्हणून डॅडी मशीनशेजारी उभे राहून मोठ्याने मराठीत सांगत होते. पंख्यांचा घरघराट, मशीनचा खडखडाट आणि त्यावर डॅडींचा आवाज. त्या मुलाचे वडील त्याला फाटकाशी सोडतात, तेव्हा डॅडी म्हणाले, "बघा, रडला नाही. मोठ्या माणसासारखा हात मिळवला." फळ्यावर मास्तर काहीतरी लिहितात आणि मुलं वहीत उतरवतात, तेव्हा म्हणाले, "घरी पत्र लिहायला शिकवतात." झोपायच्या मोठ्या खोलीत चार-पाच दांडगी मुलं त्या लहानग्याभोवती गोळा होतात, हातात गाठी मारलेले ओले टॉवेल. तेव्हा डॅडी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "खेळतायत."

सगळे हसले. मीही हसले. जूनमध्ये एली घाटावरच्या एका बोर्डिंग शाळेत गेला. एसटी स्टँडवर डॅडींनी त्याच्याशी हात मिळवला.

टार्निटमधल्या त्या सोमवारी मी सिनेमा लावला. खिडकीबाहेर वारा होता, समोरच्या अर्ध्या घराच्या सांगाड्यावरचं प्लास्टिक फडफडत होतं. इतक्या वर्षांनी प्रथमच मला त्या माणसांचं बोलणं कळत होतं, आणि शिवाय खाली लिहूनही येत होतं. फाटकाशी उभा असलेला मुलगा वडिलांना म्हणत होता, 'मी इथे किती दिवस राहायचं?' वडील म्हणत होते, 'असं विचारायचं नसतं.' फळ्यावर मास्तर पत्राचा मजकूर लिहून देत होते: मी आनंदात आहे, जेवण चांगलं आहे. त्याबाहेरचं एक अक्षर लिहायची परवानगी नव्हती. टॉवेलच्या प्रसंगात तर बोलणंच नव्हतं. सबटायटलमध्ये कंसात फक्त एवढंच होतं: मुलगा रडतो.

मी लॅपटॉप मिटला. मग उघडला, कारण काम संपवायचं होतं.

दुपारी साडेचारला, म्हणजे वसईला बारा वाजलेले असताना, मी एलीला फोन केला. तो तेव्हा पन्नाशीला आला होता. लग्न केलं नव्हतं. नगरपालिकेच्या पाणी खात्यात नोकरी, आई गेल्यावर घरात तो आणि चौऱ्याऐंशी वर्षांचे डॅडी. गावात कोणाला इंग्रजीत अर्ज लिहायचा असला की एलीकडे यायचे. त्याचं अक्षर छापल्यासारखं होतं. जेवताना तो ताटाभोवती डावा हात ठेवायचा आणि भराभर खायचा. आणि तो कधीही, कोणाकडेही, मुक्कामाला जात नसे. मी इथे आले त्याला वीस वर्षं होत आली होती, किती वेळा तिकीट पाठवते म्हटलं. "घर सोडून झोप लागत नाही गं," एवढंच म्हणायचा.

"दादा, ओळख कुठला सिनेमा आलाय माझ्याकडे."

त्याने ओळखलं. खूप वेळ हसला. "डॅडींचा? अजून आहे तो जगात? दाखव."

मग तीन दिवस रोज दुपारी आम्ही तो तुकड्यातुकड्याने पाहिला. मी फोन दुधाच्या बाटलीला टेकवून लॅपटॉपसमोर उभा करायची. तिकडे तो केळीच्या वाडीतल्या बाकावर बसायचा, डॅडी आत झोपलेले असायचे. पहिल्या दिवशी तो गंमत करत होता. "आमची खोली यापेक्षा लहान होती. आणि गाद्या? गाद्या बघ त्यांच्या!" दुसऱ्या दिवशी पत्राचा प्रसंग आला. तो म्हणाला, "आम्हालाही फळ्यावरच असायचं. फक्त 'डिअर'च्या पुढचं नाव आपलं आपण घालायचं." मला ती पत्रं आठवली. डॅडी ती शेजाऱ्यांना वाचून दाखवायचे.

टॉवेलचा प्रसंग आला तेव्हा मी म्हटलं, "डॅडी म्हणाले होते, खेळतायत."

"हो," एली म्हणाला. "मीही दोन वर्षं खेळलो."

त्याचा चेहरा फोनमध्ये अगदी लहान दिसत होता. मागे केळीची पानं हलत होती. त्याने शर्टाची बाही कोपराच्या वर सरकवली आणि लगेच खाली ओढली. मी काही पाहिलं नाही, त्याला दाखवायचं होतं का तेही कळलं नाही.

मला त्याला एक गोष्ट चाळीस वर्षं विचारायची होती. ती मी तिसऱ्या दिवशी विचारली, कारण त्या हिवाळ्यात माणसं अशी अचानक नाहीशी होत होती की न विचारलेलं सगळं अंगावर यायचं.

तो दहा वर्षांचा असताना शाळेतून पळून आला होता. जानेवारी होता. दुपारी मी वाडीत गेले तर पंपाच्या खोलीत, मोटारीच्या मागे, एली बसलेला. भाजीच्या ट्रकमधून घाट उतरला होता. कॅनव्हासचे बूट चिखलाने भरलेले, अंगात नुसता शर्ट. मी पाव आणि उकडलेलं अंडं आणून दिलं. त्याने ते दोन घासांत संपवलं आणि म्हणाला, "वेरू, डॅडींना सांगू नकोस हं." मी शपथ घेतली. सूर्य मावळताना डॅडी सायकलवरून आले, आणि त्यांनी सायकल भिंतीला टेकवायच्या आत मी सांगून टाकलं.

डॅडी त्याला हाताला धरून घरी घेऊन आले. मारलं नाही. आईने त्याला अंघोळ घातली आणि अंघोळ घालताना ती काहीतरी पुटपुटत होती. बोंबलाचं कालवण आणि भात त्याने तीनदा मागून घेतला. आई डॅडींना म्हणाली, "दोन दिवस राहू दे."

डॅडी म्हणाले, "दोन दिवस राहिला तर कायमचा राहील."

सकाळच्या गाडीने ते त्याला परत घेऊन गेले. त्यानंतर मे महिन्याच्या सुट्टीत एली आला तेव्हा माझ्याशी नीटच वागला. पण मला कधी काही गुपित सांगितलं नाही. मीही कधी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. मी इतक्या लांब राहायला आले त्यात याचा काही भाग असेल का, असं त्या बंद घरात बसल्यावर मला वाटायला लागलं होतं.

"दादा, पंपाच्या खोलीतलं मी डॅडींना सांगितलं. तू माफ केलंस का मला?"

तो गोंधळला. "कशाबद्दल?"

"सांगितलं म्हणून. तू नको म्हणाला होतास."

एलीने फोन चेहऱ्याजवळ आणला. मग म्हणाला, "वेरू, तुझ्या पोटात कधी काही राहिलंय का? म्हणून तर तुला सांगितलं. डॅडींनी यावं असंच मला वाटत होतं. सरळ घरात शिरायची हिंमत नव्हती. मला वाटलं, ते येतील, मला असं बघतील, आणि मग नाही पाठवणार."

"मग तू त्यांना बोलला का नाहीस?"

"बघितलं की त्यांनी," तो म्हणाला. "टॉर्च मारून बघितलं."

सिनेमात घंटा वाजत होती. मी आवाज बंद केला. चाळीस वर्षं मी जो दगड उराशी धरून होते तो माझा नव्हताच. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी एलीला ताप आला. डॅडींनाही आला, पण त्यांचा दोन दिवसांत उतरला. एलीचा वाढत गेला. आमचा मावसभाऊ पीटर शेजारीच राहतो, तो दारात डबा ठेवायचा आणि खिडकीतून बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ते यंत्र आत द्यायचा. आकडा चौऱ्याऐंशीवर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता कोविड सेंटरला हलवा. एली नाही म्हणाला. पीटरने समजावलं, नाही. शेवटी पीटरने मला फोन लावला. इथे दुपारचे तीन वाजले होते. जोएल बाहेर येऊन टोस्ट करत होता.

"दादा, जा."

"इथे बरा आहे मी. आपली खाट आहे, आपलं छप्पर आहे."

"घरी ऑक्सिजन नाही ना रे."

एकेका शब्दानंतर तो दम घेत होता. "परत कधी सोडतील?"

"आठ-दहा दिवसांत."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"बरं," तो म्हणाला. "जातो."

मी फोन ठेवला. जोएलने विचारलं, "इज अंकल एली गोइंग टू बी ओके?" मी हो म्हटलं. दोन मिनिटांत दोघांना मी तीच थाप मारली होती.

मला जाता येत नव्हतं. देश सोडायला परवानगी लागत होती, अर्ज केला तर उत्तर कधी येईल ते माहीत नव्हतं, आणि गेले तर परत यायला विमान नव्हतं. मी अर्ज भरला. 'प्रवासाचं कारण' या चौकटीत काय लिहावं ते कळेना. भाऊ आजारी आहे असं लिहिलं. हे वाक्य लाखभर लोकांनी लिहिलं असणार असं तेव्हाच वाटलं.

सेंटर म्हणजे एक मोठा हॉल होता. एलीला तोंडावरच्या मास्कमुळे बोलता येत नव्हतं, म्हणून तो फोनवर लिहायचा. नेहमीसारखं शुद्ध इंग्रजी, स्वल्पविराम, पूर्णविराम जागच्या जागी. 'चाळीस खाटा. वीस-वीसच्या दोन रांगा. माझी खिडकीपासून तिसरी.' दुसऱ्या दिवशी: 'सकाळी सहाला सगळे दिवे एकदम लागतात.' तिसऱ्या दिवशी: 'फक्त घंटा तेवढी नाही.' मी ते स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं आणि ओट्याची कड धरली. त्याला तिथे मी पाठवलं होतं. जीव वाचवायला पाठवलं होतं, दुसरा मार्ग नव्हता, डॉक्टरही तेच म्हणत होते. डॅडींकडेही तेव्हा अशीच चांगली कारणं होती.

'इथे काय काय करतोस?' मी विचारायची. 'छत बघतो,' तो लिहायचा. एकदा लिहिलं, 'शेजारच्या खाटेवरचा मुलगा रडतोय. बावीस वर्षांचा आहे. त्याला म्हटलं, मी जागा आहे, तू झोप.' सातव्या दिवशी आलेला मजकूर असा होता: 'इडली खाल्ली. डॅडींच्या डोळ्यांत दोनदा थेंब घालायचे आहेत, पीटरला आठवण कर.'

नवव्या दिवशी मी ऑनलाइन मीटिंगमध्ये असताना पीटरचा फोन आला. "वेरू," एवढंच तो म्हणाला. पुढचं सांगायची गरज नव्हती.

एलीला घरी आणलं नाही. सेंटरमधून थेट सिमेटरीत नेलं. पीटर लांबून फोन धरून उभा होता, पडद्यावर कधी आकाश दिसायचं, कधी चिखल. पांढऱ्या प्लास्टिकच्या कपड्यांतली चार माणसं, मास्क लावलेले फादर, आणि काळ्या पिशवीत दादा. सगळं अकरा मिनिटांत झालं. डॅडींना घराबाहेर पडायची परवानगी नव्हती. त्यांना पीटरच्या बायकोने खिडकीतून सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि खिडकी लावून घेतली.

मी टेबलाशी बसले होते. जोएल त्याच्या खोलीच्या दारात आला. "मम? यू आर क्राइंग रिअली लाउड." मग घाबरून म्हणाला, "इट्स ओके, मी म्यूटवर आहे." तो येऊन माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. त्याच्या खोलीतून गणिताच्या बाईंचा आवाज येत होता, त्या कोणाला तरी कॅमेरा चालू करायला सांगत होत्या. माझा अर्ज त्याच्या पुढच्या आठवड्यात मंजूर झाला.

मी गेले नाही. कोणासाठी जायचं, हा विचार तेव्हा आला, आणि डॅडी आहेत हे मला मुद्दाम आठवावं लागलं. याची लाज वाटते, पण तसं झालं खरं. त्यांच्यावर मी मनातून इतकी संतापले होते की त्यांना फोन केला तरी औषधं घेतली का, जेवलात का, यापुढे मी जात नव्हते. ते दर वेळी एकच बोलायचे. "तुझ्या दादाने सेंटरमध्ये कधी तक्रार केली नाही. डॉक्टर सांगत होते. ही शाळेची शिस्त. शाळेने त्याला घडवलं."

दोन-तीन आठवडे मी ते ऐकून घेतलं. सप्टेंबर संपत आला होता, उजेड वाढला होता, बाहेरच्या वर्तुळात अजून पाचच किलोमीटर. घरात एकटीला बसायला जागा नव्हती म्हणून मी गॅरेजमध्ये, उभ्या गाडीत बसून फोन करायची. डॅडींनी परत शाळेचं नाव काढलं आणि मी बोलले.

"डॅडी, तो तुमच्यासाठी पळून आला होता. पंपाच्या खोलीत तो लपला नव्हता. तुमची वाट बघत होता. त्याने मला म्हणूनच सांगितलं की मी तुम्हाला सांगेन. त्याला वाटत होतं, तुम्ही त्याला बघाल आणि ठेवून घ्याल. तिथे त्याला मारायचे. रोज."

गाडीच्या काचेवर माझ्या श्वासाची वाफ जमली होती. मी एवढं सगळं एका दमात बोलले होते आणि समोर चौऱ्याऐंशी वर्षांचा, मुलगा पुरायलाही न गेलेला माणूस होता, हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

"डॅडी?"

"आहे," ते म्हणाले.

मग, जणू दुसऱ्या कोणाला सांगत असावेत तसं बोलायला लागले. "एसटीत खिडकीशी बसवलं होतं त्याला. मी ठरवलं होतं, वेरू. एकदा जरी म्हणाला, डॅडी नको, तर पुढच्या स्टँडवर उतरायचं आणि परत फिरायचं. तुझ्या आईला मी हे कधी सांगितलं नाही. मी वाट बघत होतो. तो काही बोललाच नाही. घाट लागला तसं त्याने माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. माझा हात मुंगळे चढल्यासारखा झाला, मग बधिर झाला. तीन तास. पण मी हलवला नाही, म्हटलं, पोराची झोपमोड नको."

फोनमध्ये वाडीतल्या पंपाचा आवाज येत होता, कोणीतरी पाणी सोडलं होतं.

"तो झोपला होता ना गं?" डॅडींनी विचारलं.

मी त्या एसटीत नव्हते. मी सात वर्षांची होते आणि घरी, दारात उभी होते.

"हो डॅडी," मी म्हटलं. "झोपलाच होता."